चॉकलेटच्या आधीची ब्राउनी

१८९६ साली अमेरिकेत फॅनी फार्मर यांचे ‘द बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ निघाले. त्यात ब्राउनी नावाचा एक पदार्थ आहे. एकतृतीयांश कप लोणी, तितकीच पिठीसाखर, तितकेच पोर्तो रिकोचे मोलॅसिस, एक अंडे, कपाला थोडा कमी मैदा आणि कपभर पेकानचे तुकडे. मिश्रण छोट्या नक्षीदार साच्यांत घालायचे, प्रत्येकावर अर्धा पेकान बसवायचा आणि भाजायचे. चॉकलेट कुठेच नाही. मोलॅसिस म्हणजे साखर काढून घेतल्यावर मागे राहणारा दाट, काळपट पाक, आपल्या काकवीचा जवळचा नातलग. या ब्राउनीला तपकिरी रंग आला तो त्याच्यामुळे. आज आपण जिला ब्राउनी म्हणतो तिच्या नावाचा हा छापील पुस्तकातला जुना पूर्वज. नाव आधी आले, चॉकलेट मागाहून आले.

त्या काळी हे नाव अमेरिकेत पोरासोरांच्या तोंडी होते. पामर कॉक्स या चित्रकाराने स्कॉटिश लोककथांतली ब्राउनी नावाची घरगुती भुते १८८० च्या दशकात मुलांच्या मासिकात आणली होती. ती इतकी लोकप्रिय झाली की १९०० साली कोडॅकने एका डॉलरला काढलेल्या कॅमेऱ्यालाही तेच नाव मिळाले. खाऊला ते चिकटले यात नवल नाही.

चॉकलेटच्या ब्राउनीबद्दल सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट वेगळीच आहे. कोणी एक बाई चॉकलेट केक करायला बसली, बेकिंग पावडर घालायची विसरली, केक बसला, आणि तिने तो तसाच कापून पाहुण्यांपुढे ठेवला. मेन राज्यातल्या बँगर गावात तर या बाईला नाव-गावही मिळाले: मिल्ड्रेड ब्राउन श्रम्फ, टोपणनाव ‘ब्राउनी’. त्या खरोखरच त्या भागातल्या नावाजलेल्या पाकशास्त्र-शिक्षिका होत्या. पण त्यांचा जन्म १९०३ चा, आणि ‘बँगर ब्राउनी’ या नावाची कृती १९०४ च्या पुस्तकांत छापलेली सापडते. वर्षाच्या तान्ह्या मुलीकडून केक बसणे शक्य नाही.

ही विसरभोळ्या बाईची गोष्ट मला आवडत नाही, आणि ती केवळ तारखांत बसत नाही म्हणून नव्हे. स्वयंपाकघरात काही नवे घडले की ते चुकून घडले असे सांगण्याची आपल्याला फार सवय आहे. कोणीतरी मैदा मुद्दाम कमी केला असेल, लोणी वाढवून पाहिले असेल, चाखले असेल, पुन्हा केले असेल, हे आपल्या मनात येत नाही. ब्राउनीचा कागदोपत्री इतिहास पाहिला तर नेमके हेच दिसते. पुस्तकामागून पुस्तकात मापे हलत गेली आहेत, आणि ती हलवणाऱ्या बहुतेक बायका आहेत.

त्याआधी, चॉकलेटची ब्राउनी आपल्याकडे जन्मली या शिकागोच्या दाव्याकडे पाहू. १८९३ साली तिथे कोलंबियन विश्वप्रदर्शन भरले. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे आपल्याला ठाऊक असलेली सर्वधर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. प्रदर्शनाच्या महिला व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्ष होत्या बर्था पामर. त्यांचे पती पॉटर पामर हे पामर हाउस हॉटेलचे मालक. बर्थाबाईंनी हॉटेलच्या स्वयंपाक्यांना सांगितले की प्रदर्शन पाहायला येणाऱ्या स्त्रियांच्या डब्यात घालता येईल असे काही गोड करा. केकपेक्षा लहान, हातात धरून खाता येणारे, हात न बरबटवणारे. त्यातून अक्रोड घातलेली, वर जर्दाळूच्या पाकाची चकाकी दिलेली चॉकलेटची वडी झाली. पामर हाउसमध्ये ती आजही त्याच ऐटीत मिळते. गोष्ट पटण्याजोगी आहे, पण सांगणारे हॉटेलच आहे. मला त्यात मोलाची वाटते ती बर्थाबाईंची मागणी. दिवसभर घराबाहेर, पायी फिरणाऱ्या बाईने सोबत न्यायचा गोड खाऊ त्यांना हवा होता. काटा-चमचा-बशी लागणारा केक तिच्या कामाचा नव्हता.

आता पुन्हा बॉस्टन. फॅनी फार्मर यांचा जन्म १८५७ चा. शाळेत असताना, सोळाव्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला, शिक्षण सुटले, चालणे कायमचे अधू झाले. तिशी गाठल्यावर त्या बॉस्टन कुकिंग स्कूलमध्ये विद्यार्थिनी म्हणून गेल्या आणि काही वर्षांतच तिथल्या मुख्याध्यापिका झाल्या. पुस्तक लिहून प्रकाशकाकडे नेले तेव्हा प्रकाशकाला ते खपेल असे वाटेना. पहिल्या आवृत्तीच्या तीन हजार प्रतींचा छपाईखर्च फार्मरबाईंनी स्वतः उचलला, आणि त्याबरोबर पुस्तकाचे हक्कही स्वतःकडे राखले. पुस्तक पुढे अमाप खपले. १९०२ साली त्यांनी स्वतःची पाकशाळा काढली. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे त्यांनी रुग्णांच्या आहारावर व्याख्याने दिली. शेवटच्या वर्षांत चाकाच्या खुर्चीत बसून त्या शिकवत राहिल्या. १९१५ साली त्या गेल्या.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे सपाट माप. तोवरच्या पाककृतींत ‘अक्रोडाएवढे लोणी’, ‘मूठभर पीठ’, ‘चहाचा पेला भरून साखर’ असले हिशेब चालत. फार्मरबाईंनी सांगितले की कप ठरावीक मापाचा घ्या, पीठ चाळून भरा, दाबू नका, आणि वरचा ढीग सुरीच्या पात्याने सपाट करा. चमच्यालाही तोच नियम. आईच्या हाताखाली न शिकलेली, परगावी एकटी संसार थाटलेली मुलगी आता नुसत्या पुस्तकावरून करून पाहू शकत होती. मराठीत हेच काम कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी आणि चमच्यांच्या मापाने केले, आणि कितीतरी घरांत लग्न झालेल्या मुलीबरोबर ते पुस्तक सासरी गेले.

ब्राउनीच्या कथेत या सपाट मापाला फार महत्त्व आहे. केकमध्ये बेकिंग पावडर थोडे सांभाळून घेते. मैदा दोन चमचे इकडेतिकडे झाला तरी केक फुगतो. ब्राउनीला असा आधार नाही. तिच्यात मैदा इतका थोडा असतो की दोन चमचे जास्त पडले तर ती कोरडी होते आणि दोन चमचे कमी पडले तर सुरीला चिकटून येते. असा पदार्थ एका घरातून दुसऱ्या घरात कागदावरून पोचायचा तर माप पक्के हवे. मोठे ढीग आणि मुठी यांच्या जमान्यात ब्राउनी एखाद्या घरी झालीही असेल, पण शेजारणीकडे तशीच होण्याची खात्री नव्हती.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या महिला मंडळांची. अमेरिकन यादवी युद्धात, १८६४ साली, मारिया मॉस यांनी जखमी सैनिकांच्या मदतीसाठी एक पाकपुस्तक काढून विकले. तेव्हापासून चर्चच्या मंडळींनी, महिला क्लबांनी, अनाथाश्रमांच्या मदत समित्यांनी आपापल्या सभासदांच्या कृती गोळा करून छापण्याची आणि विक्रीतून निधी उभा करण्याची प्रथा पडली. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, बॉस्टनमध्येच त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि १८८९ साली निघालेल्या त्यांच्या मराठी प्रवासवृत्तात तिथल्या बायका संस्था कशा चालवतात याचे त्यांना वाटलेले अप्रूप पानोपानी आहे. अशाच संस्थांच्या साध्या बांधणीच्या पुस्तकांत चॉकलेटची ब्राउनी पहिल्यांदा दिसते: १९०४ साली शिकागोच्या सर्व्हिस क्लबच्या पुस्तकात आणि न्यू हॅम्पशायरमधल्या लॅकोनिया गावच्या पुस्तकात. पुढच्या वर्षी ती ‘बॉस्टन ग्लोब’मध्ये आली. दोन गावांत एवढे अंतर असून एकाच वर्षी एकच नाव छापले जाते, याचा अर्थ कृती हस्ते-परहस्ते आधीच बराच प्रवास करून बसली होती.

१९०६ च्या आवृत्तीत फार्मरबाईंनी ती घेतली. एक कप साखर, पाव कप वितळवलेले लोणी, एक न फेटलेले अंडे, बेकर्स चॉकलेटचे दोन चौकोन वितळवून, पाऊण चमचा व्हॅनिला, अर्धा कप मैदा, अर्धा कप अक्रोड. सात इंची चौकोनी टिनाला मेणकागद लावायचा, मिश्रण सारखे पसरायचे, मंद ओव्हनमध्ये भाजायचे, आणि बाहेर काढताच टिन उलटा करून कागद सोडवून पट्ट्या कापायच्या. तसे न केल्यास कागद चिकटून बसेल आणि वड्या नीट पडणार नाहीत, असा इशाराही आहे. दहा वर्षांपूर्वीचे मोलॅसिस गेले, पेकान गेले, नक्षीदार साचे गेले. एक सपाट टिन आणि चौकोनी वड्या आल्या.

बेकर्स हे चॉकलेट बॉस्टनजवळच्या डॉर्चेस्टरचे. तिथे नेपॉन्सेट नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत १७६५ पासून कोको दळला जात होता. पण शंभरेक वर्षे लोक ते पीतच होते. केकमध्ये, वडीत चॉकलेट घालायची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. हे चॉकलेट बिनसाखरेचे, कडू. म्हणून कपभर साखर त्यात खपते.

१९०७ साली आणखी एक पाऊल पडले. बॉस्टनच्याच लाउनी चॉकलेट कंपनीने मारिया विलेट हॉवर्ड यांच्याकडून पाकपुस्तक लिहवून घेतले. हॉवर्डबाई फार्मरबाईंच्या तालमीतल्या. त्यांनी साखर, मैदा, चॉकलेट जवळपास तेच ठेवले. लोणी पाव कपाचे अर्धा कप केले आणि एका अंड्याची दोन केली. माझ्या मते आजची ब्राउनी या बदलातून जन्मली. १९०६ ची वडी चघळावी लागते, चिक्कीकडे झुकते. लोणी दुप्पट आणि अंडी दोन झाल्यावर आतला भाग ओलसर, मऊ राहतो. आज घरोघरी केल्या जाणाऱ्या साध्या ब्राउनीचे प्रमाण काढून पाहिले तर ते या कृतीच्या आसपासच येते. अभिनेत्री कॅथरिन हेपबर्न यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली ब्राउनीही याच शाखेची, फक्त मैदा आणखी घटवून पाव कपावर आणलेली.

वरच्या पापुद्र्याचे गुपितही अंड्या-साखरेतच आहे. चांगल्या ब्राउनीवर कागदासारखा पातळ, चकाकणारा, बोट लावताच तडकणारा थर असतो. गरम लोण्यात साखर घालून ती शक्य तेवढी विरघळवली आणि मग अंडी घालून दोन-तीन मिनिटे जोरात फेटले, की भाजताना ही विरघळलेली साखर अंड्याच्या प्रथिनांबरोबर वर येऊन वाळते. साखर कणीदार राहिली तर पृष्ठभाग मंद, खडबडीत होतो. मैदा मात्र नंतर घालायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंतच हलवायचा.

आता ब्राउनीत घातल्या जाणाऱ्या चेरीकडे वळू. चॉकलेट आणि चेरीची जोडी ब्राउनीत आली ती युरोपातून तयार होऊन आली. जर्मनीची ब्लॅक फॉरेस्ट तिची सर्वांत प्रसिद्ध मुलगी. योसेफ केलर या हलवायाने आपण ती १९१५ मध्ये केली असे सांगितले, छापील नोंद १९३४ ची. या जोडीला आधार आहे. चेरीच्या बीत कडू बदामाचा वास देणारे बेन्झाल्डिहाइड असते, आणि भाजलेल्या कोकोच्या वासातही ते असते. शिवाय आंबट चेरीतले आम्ल चॉकलेटचा तुपकटपणा कापते. म्हणून मिशिगनमध्ये पिकणारी माँटमोरेन्सी ही आंबट चेरी वाळवून ब्राउनीत घालतात. गोड चेरी त्या मानाने चॉकलेटखाली दबते.

बाटलीतली लालभडक चेरी हा मात्र वेगळा वंश. एड्रियाटिक समुद्राकाठच्या झादरमध्ये मारास्का नावाच्या छोट्या आंबट चेरीपासून मद्य काढत. जिरोलामो लुक्सार्दो यांचा कारखाना तिथे १८२१ चा. त्या मद्यात मुरवलेल्या चेरी अमेरिकेतल्या श्रीमंत हॉटेलांत पोचल्या, महाग पडू लागल्या, आणि तिथल्या मोठ्या गोड चेरीपासून नकला सुरू झाल्या. ओरेगॉनच्या चेरी खारवताना मऊ पडत. १९२० च्या दशकात ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयातल्या अर्नेस्ट वीगंड यांनी मिठवणीत कॅल्शियमचे क्षार घालून फळ टणक ठेवण्याची रीत बसवली. मग ते गंधकाच्या वायूने पांढरेफटक करायचे, रंगवायचे, साखरेच्या पाकात मुरवायचे आणि बदामाचा अर्क द्यायचा.

त्याच ओरेगॉनमधली बिंग चेरी आठवल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८७० च्या दशकात मिलवॉकी गावच्या सेथ लेवेलिंग यांच्या बागेत ती निपजली आणि तिला बागेचा चिनी मुकादम आ बिंग याचे नाव दिले गेले. आ बिंग पुढे मायदेशी भेटीला गेला, आणि चिनी लोकांना बंदी करणाऱ्या कायद्यामुळे त्याला अमेरिकेत परतता आले नाही, असे लेवेलिंग कुटुंबात सांगत. फळ मात्र जगभर गेले.

आपल्याकडच्या बेकरीत, पायनॅपल पेस्ट्रीच्या डोक्यावर आणि ब्राउनीच्या पोटात जी लाल गोळी असते, ती बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते करवंद असते. कच्चे, टणक करवंद बिया काढून, खारवून, लाल रंगात उकळून, दिवसागणिक घट्ट होत जाणाऱ्या पाकात मुरवतात. वीगंड यांच्या चेरीची आणि याची वाट जवळपास एकच. एरिथ्रोसिन हा रंग त्यासाठी सोयीचा, कारण आम्लात तो विरघळत नाही आणि शेजारच्या पांढऱ्या क्रीमवर उतरत नाही. बाजारात डब्यावर ‘चेरी’ लिहितात. सह्याद्रीतल्या फळाला स्वतःच्या नावाने विकायला आपण का लाजतो, हे मला कळलेले नाही. लोणावळ्या-खंडाळ्याच्या घाटात द्रोणात घेऊन तेच करवंद आपण आवडीने खातो.

घरी करणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे चॉकलेट म्हणून चौकोनी पाट्या विकल्या जातात त्या बऱ्याचदा कम्पाउंडच्या असतात; त्यांत कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते आणि साखर भरपूर. त्या वापरल्या तर जिभेवर मेणासारखा थर राहतो. त्यापेक्षा कोको पावडर बरी. हॉवर्डबाईंच्या प्रमाणात दोन चौकोनांच्या जागी सहा मोठे चमचे कोको आणि दोन मोठे चमचे जास्तीचे लोणी घेतले की हिशेब जुळतो. आठ इंची टिन, १७५ अंश, पंचवीस मिनिटांच्या आसपास. टूथपिक कोरडी यायची वाट पाहू नये. ओले कण चिकटून आले की बाहेर काढावे. ओव्हन नसेल तर जाड कढईत वाळू किंवा मीठ तापवून, वर झाकण ठेवून आपल्या आज्या केक भाजत, तसेही होते, फक्त तळ जपावा लागतो. अंडे चालत नसेल तर दही किंवा कंडेन्स्ड मिल्कची ब्राउनी चवीला छान होते, पण तो तडकणारा पापुद्रा येत नाही. छोले शिजवून उरलेले दाट, बिनमिठाचे पाणी फेसाळेपर्यंत फेटून साखरेबरोबर वापरले तर बराचसा येतो.

काश्मीरची चेरी मे अखेरीपासून जुलैपर्यंत मिळते. तिचा मिश्री वाण गोड, मखमली वाण नाजूक. दोन्ही पाणीदार, म्हणून बी काढून अर्ध्या करून कढईत थोडे पाणी आटवून घ्याव्या, नाहीतर वडी त्यांच्याभोवती कच्ची राहते. डब्यातली पाकवलेली चेरी असेल तर कोमट पाण्यात धुऊन, पुसून, मैद्यात घोळवावी आणि साखर दोन चमचे कमी करावी.

आणि मे महिन्यात पिकलेली काळी करवंदे हाती आली तर त्यांना चेरीचा वेष देण्याची गरज नाही. देठ काढून मिठाच्या पाण्यात घटकाभर ठेवावी म्हणजे चीक सुटतो. मधोमध चिरून बिया काढाव्या. वाटीभर गराला दोन मोठे चमचे साखर घालून मंद आचेवर शिजवले की दहा मिनिटांत ते मुरंब्यासारखे आळते, कारण करवंदात पेक्टिन भरपूर असते. ब्राउनीचे मिश्रण टिनात पसरल्यावर हे जांभळट गोळे चमच्याने ठिकठिकाणी टाकावे, सुरीचे टोक एकदाच आडवे-उभे फिरवावे आणि टिन ओव्हनमध्ये सरकवावा. कापण्याआधी पूर्ण गार होऊ द्यावे.